गळती नसलेली शेगडी

रिकामा डबा ओट्यावर उघडा ठेवायची मला अजूनही धास्ती वाटते. तूप संपलं की मी डबा आधी कपाटात सारते, आणि मग आठवतं, की आता आपण विरारच्या मनवेलपाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. इथे सकाळी सकाळी दारात उभं राहून "किती उरलं?" असं विचारायला कोणी येणार नाही. तरीसुद्धा डबा बाहेर काढत नाही. सवय लावणारा माणूसच तसा होता.

तो माणूस म्हणजे वसईजवळच्या गिरीज गावातले आमचे घरमालक. लग्नानंतरची चार वर्षं मी आणि माझा नवरा त्यांच्या वाडीतल्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहिलो. पुढे त्यांचं घर, मध्ये अंगण, भोवती केळी, नारळ आणि मोगऱ्याचे वाफे. मी साताऱ्याकडची, नवरा ठाण्याचा. केळीने एकदा घड दिला की झाड तोडायचं असतं, हेसुद्धा आम्हाला तिथेच कळलं. मालकांना आम्ही काका म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला काकी. काका पंपाच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते आणि निवृत्त होऊनही त्यांना बराच काळ झाला होता. वाडी काकी बघायच्या. काका डबे बघायचे.

डबे म्हणजे पत्र्याचे. तुपाचे, रंगाचे, दूध पावडरचे, रसगुल्ल्यांचे. काका त्यांच्या शेगड्या करायचे. वरचं झाकण काढायचं, खाली जळण सारायला एक चौकोनी दार कापायचं, तळाजवळ वारा यायला खिळ्याने भोकं पाडायची, आत करवंट्या आणि नारळाची सोडणं घालायची आणि वर पातेलं ठेवायचं. इतकी साधी गोष्ट. पण एका डब्याला काकांना आठ दिवस लागायचे आणि त्यातले सात दिवस नुसती कानस चालायची. डब्याचा काठ घासून घासून असा सपाट करायचा, की वर पातेलं ठेवल्यावर मधून केससुद्धा जाता कामा नये.

हे नुसतं बोलणं नव्हतं. काका खरोखरच केस घालून बघायचे. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर फारसे उरले नव्हते, म्हणून ते माझ्याकडे यायचे. "एक केस देतेस का? जरा लांब पायजे." पहिल्यांदा त्यांनी असं विचारलं तेव्हा आम्हाला राहायला येऊन तीन दिवस झाले होते. मी आत जाऊन नवऱ्याला म्हटलं, उरलेलं सामान सोडू नकोस.

"गळती म्हंजे गुन्हा," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते नळाला लागू होतं, छपराला लागू होतं आणि माणसांच्या बोलण्यालाही लागू होतं. तीस वर्षांत त्यांनी बसवलेल्या पंपातून पाण्याचा थेंब गळला नव्हता, असं ते सांगायचे, आणि ते खरं असणार. आमच्या मोरीचा नळ त्यांनी असा घट्ट केला होता, की तो उघडायला नवऱ्याला बोलवावं लागायचं. नवरा घरी नसला की मी काकींच्या मोरीत जाऊन भांडी घासायचे.

डबा मिळवायची त्यांची पद्धत पक्की होती. सकाळी वर्तमानपत्र द्यायच्या निमित्ताने यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि आमच्या फळीवरच्या डब्यांवर एकेक टिचकी मारत जायचे. आवाजावरून आत किती उरलंय ते त्यांना कळायचं. "हा अजून आठ दिवस. हा पंधरा." एकदा तुपाच्या डब्यावर टिचकी मारून ते गंभीर झाले आणि नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्यात तूप फार सावकाश संपतं. तब्येती बऱ्या हाईत ना?" मला राग आला. पण त्या संध्याकाळपासून नवरा भातावर दुप्पट तूप घ्यायला लागला, कारण त्याला म्हणे काकांचं वाईट वाटलं.

शेजारच्या वाडीत बारसं होतं, तिथेही हेच. सगळ्या बायका बाळाचं नाक कोणावर गेलं ते ठरवत होत्या आणि काका पाळण्याशी वाकून बाळाच्या आईला मोठ्या आशेने विचारत होते, "वरचं दूध चालू केलं का गो?" बिचारीला वाटलं, केवढी काळजी. काकी पुढे आल्या आणि त्यांनी काकांना कोपराला धरून जेवायला नेऊन बसवलं.

प्रत्येक शेगडीला डबा देणाऱ्याचं नाव असायचं. अंगणाच्या कडेला फणसाखाली ओळ लागलेली असायची: पोस्टमन, डॉक्टरीण, तलाठी, वरची आळी, खालची आळी. माझ्या डब्याला त्यांनी माझ्या गावावरून सातारा म्हणायला सुरुवात केली. माझी आई राहायला आली होती तेव्हा काका अंगणातून मोठ्याने काकींना सांगत होते, "सातारा आज पेटवतो, बघू जळतो का!" आई हातातली भाजी तशीच ठेवून बाहेर आली.

आता मुख्य गोष्ट सांगायला हवी. इतक्या शेगड्यांपैकी एकीवरही चहाला कधी उकळी आली नव्हती.

दर रविवारी काका आम्हाला अंगणात चहाला बोलवायचे. शेगडी पेटायची, छान पेटायची, अगदी लालभडक. मग काका पातेलं वर ठेवायचे, खाली वाकून कुठे फट दिसते का ते बघायचे आणि समाधानाने मागे सरायचे. दोन मिनिटांत आतली आग मलूल व्हायची. दारातून धूर यायला लागायचा. काका फुंकणी घेऊन फुंकायचे, धूर आणखी यायचा, मांजर फणसावर चढायची. अर्ध्या तासाने पातेल्यात जे व्हायचं ते कोमट असायचं, त्याला धुराचा वास असायचा आणि चहाची पत्ती वर तरंगत असायची. "गरम हाय ना?" काका विचारायचे. आम्ही हो म्हणायचो. नवरा आपला कप हळूच मागच्या केळीच्या बुंध्याशी ओतायचा. त्या केळीला त्या वर्षी भला मोठा घड आला.

उकळी न येण्याची कारणं काकांकडे तयार असायची. जळन ओलं हाय. वारा दर्याकडून हाय. दुधात पानी हाय. एकदा त्यांनी चतुर्थीला दोष दिला होता. मी आणि नवरा गॅसवर वाढलेलो, आम्हाला आगीतलं काय कळतंय? आम्ही प्रत्येक कारणाला मान डोलवायचो. काकी बोलायच्या नाहीत. त्या मोगऱ्याच्या वाफ्यात वाकून कळ्या खुडत असायच्या, आणि धुराचा लोट आला की पदर नाकाला लावून दुसऱ्या वाफ्यात जायच्या.

"काका, हे सगळं कशासाठी?" असं मी एकदा न राहवून विचारलं.

"वेळप्रसंगाला," काका म्हणाले. "उद्या लाईट गेली, ग्यास संपला, रस्ते बंद झाले, मग मानूस काय करनार? डबा करनार."

तसा प्रसंग आलाही. एका पावसाळ्यात वसईभर पाणी तुंबलं, वीज चार दिवस नव्हती, आमचा सिलिंडर नेमका दुसऱ्या दिवशी संपला. काकांच्या चेहऱ्यावर असं तेज मी आधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ओटीवर पाच शेगड्या मांडल्या. मागच्या पडवीत काकींनी त्यांची जुनी मातीची चूल पेटवली, दोन्ही घरांचा भात केला, कालवण केलं, शेजारच्या तीन घरांना वाढलं, भांडी घासली आणि हात पुसत ओटीवर आल्या, तेव्हा काका फुंकणीतून तोंड काढून म्हणाले, "आता पेटतोय बघ." काकींनी त्यांच्या पुढ्यात ताट ठेवलं.

आता त्या डब्याचं सांगते, ज्याच्यामुळे सगळं घडलं. त्यात चूक माझीही होती, आणि थोडीथोडकी नाही.

काकी दरवर्षी सुकेळी करायच्या. राजेळी केळी सोलून उन्हात आठ-दहा दिवस वाळवायची, मऊ आणि मधासारखी झाली की केळीच्याच सुक्या पानात बांधायची. सोप्पं वाटतं, पण ढग आला की पळायचं, कावळा आला की पळायचं. त्या वर्षी काकींनी मला बारा सुकेळी दिली, आणि ती त्यांच्या खास डब्यात घालून दिली. डबा उभट, गोल, बिस्किटांचा, परदेशी. वर तळ्याकाठी उभी असलेली टोपीवाली बाई आणि दोन राजहंस. काकींचा निर्मळ गावचा भाऊ तरुणपणी बोटीवर नोकरीला होता, त्याने त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तो आणला होता. चित्राला ओरखडा पडू नये म्हणून काकींनी डब्याला फुलाफुलांची कापडी गवसणी शिवली होती आणि ती त्या कधी काढत नसत. सुकेळी त्याच डब्यात मुरतात, असं त्यांचं म्हणणं.

सुकेळी आम्ही चार दिवसांत संपवली. आता डबा परत करायचा, तर रिकामा कसा करणार? आपल्याकडे कोणी रिकामा डबा परत देत नाही. "साखर घाल आणि दे," नवरा म्हणाला. पण बारा सुकेळ्यांच्या बदल्यात साखर द्यायची मला लाज वाटली. आईकडून शेंगदाण्याची चटणी येईल, मग देऊ. चटणी आली ती प्रवासात सांडली. मग म्हटलं, तिळाच्या वड्या करू. वड्या फसल्या. असे पंधरा दिवस गेले. मध्येच मी ती गवसणी धुवायला काढली, म्हटलं निदान ती तरी स्वच्छ करून द्यावी. तर गवसणी दोरीवर आणि डबा ओट्यावर उघडा, अशी परिस्थिती होती, आणि मी फोनवर ऑफिसच्या साहेबांशी हुज्जत घालत होते.

टिचकी ऐकू आली. ठण्ण.

"रिकामा हाय," दारातून काका म्हणाले. तीस-पस्तीस वर्षांत त्यांनी तो डबा गवसणीशिवाय पाहिलेलाच नव्हता. "घेऊ?"

मी साहेबांना म्हणत होते की ती फाईल माझ्याकडे कधी आलीच नाही. मी मान न वळवता हाताने खूण केली, घ्या.

फोन संपला तेव्हा अंगणातून कात्रीचा आवाज येत होता. मी धावले, पण पत्रा कापायची कात्री माझ्यापेक्षा जलद होती. बाईच्या पोटात चौकोनी दार उघडलं होतं. दोन हंसांपैकी एक पूर्ण गेला होता, दुसऱ्याची नुसती मान उरली होती. काका खुश होते. "पत्रा बघ! असा पत्रा हल्ली भेटत नाय."

तेवढ्यात मोगऱ्याची टोपली कमरेवर घेऊन काकी आल्या. थांबल्या. डब्याकडे बघितलं, खाली पडलेल्या हंसाच्या तुकड्याकडे बघितलं. काकांनी काकींच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं, काय कापलंय ते. त्यांनी कात्री पाठीमागे नेली.

"कुठून आणला?" काकींनी विचारलं.

मी शेजारीच उभी होते. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "भेटला," ते म्हणाले. आणि मी, जी घरात नवऱ्याला एक वाक्य पूर्ण करू देत नाही ती मी, गप्प राहिले. त्याची मला अजून लाज वाटते.

काकींनी टोपली खाली ठेवली. "इतकी वर्षं धूर खाल्ला," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "एक दिवस तरी उकळी आली काय हो? आता उकळी येईल त्या दिवशी बोलवायला या. त्याआधी नाय." आत जाऊन त्यांनी पिशवी भरली, चष्मा घेतला, फोनचा चार्जर घेतला आणि रिक्षा थांबवून त्या माहेरी निघून गेल्या.

माहेर म्हणजे निर्मळ. स्कूटरवर दहा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकी परत आलेल्या बघून मला हायसं वाटलं. पण त्या घरात शिरल्या नाहीत. थेट वाफ्यात गेल्या, कळ्या खुडल्या, टोपली भरली आणि पुन्हा निर्मळला. मोगरा काही नवराबायकोच्या भांडणासाठी थांबत नाही, त्याला रोज खुडावंच लागतं. असं रोज चाललं. काकी वाफ्यात, काका दहा हातांवर फणसाखाली, मध्ये शेगडी. दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलायचे नाहीत. निरोप असला तर मांजरीला सांगायचे.

"मने, मोटार बंद करायला सांग, पाणी वाहून चाललं," काकी म्हणायच्या.

"मने, सांग, ब्लडप्रेशरची गोळी कुठं ठेवलीय ते," काका म्हणायचे.

"फडताळात, डाव्या हाताला," काकी मनीला सांगायच्या.

काका जेवायला आमच्याकडे. दिवसा ते एकामागून एक शेगडी पेटवायचे. पोस्टमन झाला, डॉक्टरीण झाली, सातारा झाला. शेवटी हंसाचा डबा घेतला. त्याचा काठ त्यांनी चार दिवस घासला. माझे नऊ केस गेले. उकळी नाही. एका दुपारी ते माझ्या दारात येऊन बसले, घामाने आणि धुराने डोळे लाल, आणि म्हणाले, "बिघाड कुठं हाय तेच कळत नाय गो. गळती तर कुठंच नाय." त्या दिवशी त्यांनी माझ्या फळीवरच्या एकाही डब्यावर टिचकी मारली नाही. तेव्हा मात्र मला खरोखर काळजी वाटली.

नवऱ्याने एक युक्ती काढली. "काका, आपण चहा इथे गॅसवर उकळू, थर्मासमध्ये भरू, आणि तिथे काकींचं लक्ष नसताना पातेल्यात ओतू. वाफा येतायत म्हटल्यावर झालं."

काका ताडकन उभे राहिले. "ही फसवनूक झाली! मी फिटर हाय!" नवऱ्याशी ते दोन दिवस बोलले नाहीत. मनीमार्फतच.

पण रविवारी सकाळी ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले. काखेत हंसाचा डबा. "डबा तिचा हाय," म्हणाले. "उकळी येवो न येवो, परत तर द्यायलाच पायजे."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "रिकामा कसा द्यायचा, काका?"

काका विचारात पडले. डबा उलटा केला, सुलटा केला, दारातून आत बघितलं. साखर घातली असती तर भोकांतून गेली असती. "मग इस्तव घालून देतो," ते म्हणाले.

दोन स्कूटरवर आम्ही तिघं निघालो. पुढे काका, मागे नवरा आणि मी, माझ्या मांडीवर पातेलं, पातेल्यात दूध, चहा, साखर, आणि पिशवीत करवंट्या. निर्मळला काकींच्या भावाच्या अंगणात केळीचे घड उतरवून ठेवले होते. भाऊ बनियनवर बाहेर आला. काकी दारात आल्या आणि उंबऱ्याच्या आतच थांबल्या.

मी जीव मुठीत धरून पुढे झाले. "काकी, डबा मी दिला होता. माझं लक्ष नव्हतं. काकांनी माझं नाव सांगितलं नाही."

"मला ठाऊक हाय," काकी म्हणाल्या. "गवसणी तुझ्या दोरीवर वाळत होती."

मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. तेवढ्यात भावाने काकांच्या हातातला डबा घेऊन डोळ्यांजवळ धरला. "अरे, हा अजून हाय? बिस्किटं काय झकास होती यातली!"

"कसली बिस्किटं?" काकी म्हणाल्या. "माझ्या हातात दिलास तेव्हा यात खडीसाखर होती."

भावाने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "मुंबईला उतरेपर्यंत बिस्किटं संपली. मग रिकामा कसा देऊ? म्हणून खडीसाखर भरली."

"तू खाल्लीस?"

"थोडी थोडी."

काकी उंबरा ओलांडून बाहेर आल्या. इतकी वर्षं जी वस्तू देव्हाऱ्यातल्यासारखी जपली, ती भावाने बिस्किटं फस्त करून हातात टेकवलेली होती. त्या हसतील की रडतील ते मला सांगता येईना. काकांनी मात्र तिकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी अंगणाच्या मधोमध डबा ठेवला, करवंट्या रचल्या आणि काडी ओढली. आग छान पेटली. काकांनी पातेलं वर ठेवलं, वाकून फट बघितली, माझ्याकडे हात केला, मी निमूटपणे केस दिला, तो गेला नाही. काका मागे सरले.

दोन मिनिटांत आग मलूल झाली. धूर निघाला. भाऊ खोकायला लागला, नवरा खोकायला लागला. काका गुडघ्यांवर बसून फुंकत होते, फुंकता फुंकता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते सगळंच धुराचं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट काळा झाला. "पेटतो," ते म्हणत होते. "आता पेटतो."

काकींनी हे थोडा वेळ बघितलं. मग त्या अंगणात उतरल्या. तुळशीच्या बुंध्याजवळ वाकून त्यांनी तीन खडे उचलले, सुपारीएवढे. पदराने पातेलं धरून बाजूला केलं, तीन खडे डब्याच्या काठावर तीन ठिकाणी ठेवले आणि पातेलं त्या खड्यांवर टेकवलं.

डब्यातून फर्रर्र असा आवाज आला. पातेल्याखालून चारी बाजूंनी ज्वाळा बाहेर आल्या. धूर नाहीसा झाला. आम्ही सगळे तोंड उघडं टाकून बघत राहिलो, आणि बघता बघता दूध वर आलं, पत्ती गिरक्या घ्यायला लागली आणि चहाला उकळी फुटली. खळखळून.

काका तसेच गुडघ्यांवर होते. "गळती ठेवली तू," ते म्हणाले.

"आगीला गळती लागते," काकी म्हणाल्या. "वरून धूर गेला नाय तर खालून वारा कसा येणार? चुलीला वर तीन उंचवटे कशाला असतात? पातेलं चाटून बसवलं की आग मरते."

"तुला ठाऊक होतं?"

"चूल कोण पेटवत होतं इतकी वर्षं?"

"मग बोलली का नाय कधी?"

काकींनी कपात चहा ओतला. "तुमची शेगडी पेटली असती तर दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात आली असती. नाय पेटत तोवर फणसाखाली गप बसून होतात." मग एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "साखर कमी हाय." आणखी एक घोट घेऊन डब्याकडे बघितलं, त्या उरलेल्या मानेकडे. "रिकामा नाय आणलात, एवढं बरं केलंत."

पिशवी आणायला त्या आत गेल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं, ती दाराच्या मागेच भरून ठेवलेली होती.

त्यानंतर आठ दिवसांत तीन खड्यांचा शोध काकांनी स्वतः लावला होता. अंगणात येईल त्याला ते समजावून सांगायचे. "इथं मुद्दाम गळती ठेवलीय. हे इंजनेरिंग हाय." आणि काकींना जी भीती होती ती खरी झाली. फणसाखालची एक शेगडी स्वयंपाकघरात आली, ओट्याखाली बसली, आणि काका रोज सकाळी तिच्यावर काकींना चहा करून द्यायला लागले. काकी सगळ्यांसमोर त्याबद्दल तक्रार करायच्या. चहा मात्र पूर्ण प्यायच्या.

पुढे आम्ही मनवेलपाड्यात फ्लॅट घेतला. निघायच्या दिवशी मी रडले, नवराही रडला, फक्त तो म्हणतो की फणसाखालून धूर येत होता. मागच्या आठवड्यात काका स्कूटरवरून विरारला आले आणि काकींनी दिलेली सुकेळी ठेवून गेले. हंसाच्याच डब्यात. पोटाचं दार आतून केळीच्या पानाने बंद केलेलं, वरून तीच फुलाफुलांची गवसणी, आणि एका चिंधीत बांधलेले तीन खडे. सुकेळी आम्ही चार दिवसांत संपवली. काल काकांचा फोन आला, "रिकामा झाला काय?"

नाही म्हटलं. काय करणार? सगळीकडून भोकं पडलेल्या डब्यात काय घालून परत करायचं, हे मला अजून सुचलेलं नाही. विस्तव घालून न्यावा, तर मधे रेल्वेचा पूल आहे, आणि पुलावर वारा फार.